दफनभूमीच्या गेटवर पात्र-अपात्र कशाला?

संपादक साहेब, नमस्कार आणि जय ख्रिस्त.

मागच्या महिन्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर खाली कोपऱ्यात एक बातमी होती. आमच्या भागातल्या एका गावात ख्रिस्ती घरातल्या तरुण शेतकऱ्याने आत्महत्या केली, तिथल्या मंडळीने, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, त्याला ख्रिस्ती दफनभूमीत जागा द्यायला नकार दिला, पाळकही (चर्चचे धर्मगुरू) आले नाहीत आणि शेवटी घरच्यांनी आपल्याच शेताच्या बांधाला त्याला पुरलं. गावाचं नाव तुम्ही छापलं होतं पण मी इथे लिहीत नाही, त्या घरात अजून माणसं राहतात आणि त्या पाळकांचीही लेकरं शाळेत जातात. बातमी आली त्या दिवशी आमच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळपासून वचनांचे फोटो, वाढदिवसाचे केक, कोणाच्या तरी बाळाची शस्त्रक्रिया आहे प्रार्थना करा, सगळं नेहमीसारखं चालू होतं, या बातमीवर मात्र एक शब्द नाही. दुपारी कोणीतरी कात्रण टाकलं तर पाच मिनिटांत ॲडमिनचा मेसेज, कृपया ग्रुपवर वादाचे विषय नको. म्हणून म्हटलं चला, पेपरलाच लिहू.

मी ख्रिस्ती आहे, आजोबांपासून. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून आयुष्य गेलं, धुळ्याला पण होते, नंदुरबारला पण, आता रिटायर आहे. धर्मशास्त्राची डिग्री वगैरे काही नाही माझ्याकडे, पण बायबल रोज वाचते आणि मरणाच्या दारातली माणसं भरपूर बघितलीत, त्यामुळे या विषयावर बोलायचा थोडा हक्क मला आहे असं मी धरून चालते.

नकार देणाऱ्यांचं म्हणणं काय तर आत्महत्या हे पाप, आणि बाकीच्या पापांचा पश्चात्ताप करायला वेळ मिळतो, याला तो मिळत नाही, म्हणून तो गेला नरकात, मग त्याला विश्वासी लोकांच्या शेजारी कसं झोपवायचं. मी लहानपणापासून हे ऐकत आले. आणि सगळे इतक्या खात्रीने सांगतात की वाटावं पवित्र शास्त्रात कुठेतरी स्पष्ट आज्ञा असेल की अशा माणसाला पुरू नका. शोधून दाखवा. नाहीये. जीव दिलेल्या माणसांच्या गोष्टी मात्र शास्त्रात आहेत, आणि त्या वाचल्या की आमचे चर्चच्या कमिटीवाले कुठलं बायबल वाचतात असा प्रश्न पडतो.

दावीद राजाचा एक सल्लागार होता अहीथोफेल. तो फितूर झाला, दावीदाच्या बंडखोर मुलाला, अबशालोमाला, जाऊन मिळाला, तिथे त्याचा सल्ला मानला नाही तेव्हा घरी गेला, घराची व्यवस्था लावली आणि जीव दिला. दुसऱ्या शमुवेलाच्या सतराव्या अध्यायात आहे. आणि त्याच वचनात पुढे काय, तर त्याला त्याच्या बापाच्या कबरेत पुरलं. बस. कुठे नाक मुरडणं नाही, कुठे बाजूला गावाबाहेर खड्डा नाही. फितूर आणि वर आत्महत्या, तरी बापाची कबर! शौल राजाचं तर अजून मोठं. लढाईत हरल्यावर तो स्वतःच्या तलवारीवर पडला, पलिष्ट्यांनी त्याचं प्रेत भिंतीवर टांगलं, तेव्हा याबेश-गिलादचे लोक रात्रभर चालत गेले, जीव धोक्यात घालून ते प्रेत उतरवून आणलं, अस्थी झाडाखाली पुरल्या आणि सात दिवस उपास केला. आणि ज्या दावीदाच्या जिवावर हा शौल वर्षानुवर्षं उठला होता त्या दावीदाने काय केलं, तर विलापगीत रचलं आणि याबेशच्या लोकांना निरोप पाठवला की तुम्ही तुमच्या धन्यावर ही दया केलीत, परमेश्वर तुमचं भलं करो. म्हणजे प्रेताला माती देणं याला तिथे दया म्हटलंय. आम्ही त्याला प्रमाणपत्र समजतो.

मग हा नियम आला कुठून? माझा भाचा पुण्याला सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, शिकलाय, त्याला मी फोन करून करून भंडावून सोडलं. तो सांगतो की संत ऑगस्टीन म्हणून मोठे बिशप होऊन गेले, ३५४ ते ४३० हा त्यांचा काळ, त्यांनी 'खून करू नको' ही आज्ञा स्वतःच्या जिवालाही लागू होते असं मांडलं. ते तसं समजण्यासारखं आहे, जीव देवाने दिलेला, तो आपण टाकून देऊ नये, यात माझाही काही वाद नाही. पण पुढे सहाव्या शतकात चर्चच्या परिषदेत ठरलं की अशा माणसासाठी विधी आणि स्तोत्रं नकोत, आणि तिथून मग युरोपात जे काय काय झालं ते ऐकून अंगावर काटा येतो, इंग्लंडात तर अशा माणसाला रात्रीच्या वेळी चौरस्त्यावर पुरायचे, ती पद्धत बंद करायला १८२३ साली पार्लमेंटला कायदा करावा लागला. म्हणजे ज्याला आमचे लोक देवाचा नियम म्हणतात तो येशूनंतर काही शतकांनी माणसांनी बसून केला आणि पुढे माणसांनीच तो बदलला. कॅथलिक चर्चचंच बघा, १९१७ च्या त्यांच्या कायद्यात जाणूनबुजून जीव देणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाही असं होतं, १९८३ ला नवीन कायदा आला त्यातून हे काढून टाकलं, आणि १९९२ च्या त्यांच्या शिकवणुकीत तर सरळ लिहिलंय की अशा माणसाच्या तारणाबद्दल आशा सोडू नये, मनाचा गंभीर आजार, भयंकर भीती, यातना यांनी माणसाची जबाबदारी कमी होते. रोमला जे चाळीस वर्षांपूर्वी कळलं ते आमच्या तालुक्याला अजून कळायचंय, आणि आम्ही प्रोटेस्टंट लोक तर उठसूट सांगतो की आम्ही परंपरा मानत नाही, फक्त शास्त्र मानतो!

बाहेरच्या वाचकांना म्हणून सांगते, खान्देशात ख्रिस्ती मंडळ्या एकाच मिशनच्या नाहीत. इकडे पश्चिम खान्देशात धुळे-नंदुरबार-नवापूर पट्ट्यात स्वीडिश आणि स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनची माणसं आली, तिकडे जळगाव-भुसावळकडे अमेरिकन अलायन्स मिशन, भुसावळला रेल्वेमुळे कॅथलिकही बऱ्यापैकी. इथल्या भिल्ल, मावची, गावीत लोकांत त्यांनी काय आधी केलं तर शाळा काढल्या, दवाखाने काढले. चिंचपाड्याचं ख्रिश्चन हॉस्पिटल आजही चालू आहे आणि तिथे कोणाला जात-धर्म विचारून खाट देत नाहीत. माझी आजी अशाच एका मिशनच्या बाईंच्या हाताखाली सुईणीचं काम शिकली. सांगायचा मुद्दा हा की आमच्या इथे श्रद्धा आली ती पट्टी बांधत, कुनैन वाटत आली. दफनभूमीच्या गेटला कुलूप लावून पात्रता तपासत नव्हती आली. आता तेच मिशनरी कडक पण होते हे मान्य, दारू प्यायला तर प्रभुभोजन (चर्चमधला भाकर-द्राक्षारसाचा विधी) बंद, जत्रेला गेला तर प्रभुभोजन बंद, ती शिस्त त्यांचीच. पण त्यांचा कडकपणा तेवढा आम्ही जपून ठेवला आणि दवाखाने एकेक करून बंद पडू दिले, याला काय म्हणायचं.

आता माझ्या कामाचं सांगते. कापसाच्या सीझनमध्ये, विशेषतः पाऊस दडी मारतो तेव्हा आणि परत भाव पडतात तेव्हा, कॅज्युअल्टीत अशा केसेस येतातच. तपशिलात जात नाही. पण जी माणसं वाचतात ना, त्यांच्याशी रात्रीच्या ड्युटीला बोलायला मिळतं, दिवसा नातेवाईकांची गर्दी असते, पोलीस जबाब घ्यायला येतात, रात्री दोन-तीनला मात्र माणूस खरं बोलतो. एकजण पण मला असा भेटला नाही की मला मरायचंच होतं म्हणाला. सगळे म्हणतात सिस्टर, ते थांबायला पाहिजे होतं. ते म्हणजे काय, तर डोक्यातलं चक्र, सोसायटीची नोटीस, मुलीच्या लग्नात घेतलेले पैसे, भावाभावांची बांधावरची भांडणं, झोप नाही, दोन-दोन महिने झोप नाही. आणि त्या एका घटकेपुरतं दुसरं काही दिसेनासं होतं. ती घटका टळली की बरीच माणसं पुन्हा शेतात उभी राहिलेली मी बघितलीत, त्यातले काही अजून बाजारात भेटतात, भाजी देताना चार वांगी जास्त टाकतात.

म्हणून मला जेव्हा कोणी म्हणतं की अशांना मान देऊन पुरलं तर बाकीच्यांना प्रोत्साहन मिळेल, तेव्हा हसावं की रडावं कळत नाही. ज्याला दोन महिने झोप नाही तो माणूस दफनभूमीचे नियम वाचून निर्णय घेतो का? या नियमाचा धाक मरणाऱ्याला नसतोच, तो असतो मागे राहिलेल्यांना, आणि जे अजून मनातल्या मनात झुंजतायत त्यांना. ज्याच्या मनात असं काही येतं तो मंडळीत कोणाला सांगेल का? पाळकांना सांगेल? सांगितलं की आधी पाप कबूल कर, मग सात दिवस उपास-प्रार्थना, आणि रविवारपर्यंत सगळ्या गल्लीला माहीत. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असंच त्याला वाटणार. घरचे पण मग डिस्चार्ज मिळाला की फॉलोअपला आणत नाहीत, मानसोपचाराचा कागद वाटेतच फाडून टाकतात, विचारलं तर म्हणतात सिस्टर ते चुकून झालं होतं, औषध मारताना. आणि आम्हाला माहीत असतं की चुकून नव्हतं.

कायद्याने सुद्धा हे समजून घेतलंय. २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा म्हणतो की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरायचं आणि सरकारने त्याला उपचार द्यायचे, शिक्षा नाही. जुनं ३०९ कलम, ज्यात वाचलेल्या माणसावर गुन्हा दाखल व्हायचा, ते १ जुलै २०२४ पासून नवीन संहिता आली तेव्हा त्या रूपात राहिलंच नाही. इंग्रजांचा कायदा गेला, रोमचा नियम गेला, आमच्या कमिटीचा ठराव तेवढा शिल्लक, आणि तो ठराव पण कुठे लिहिलेला नाही बरं, मी विचारलं होतं, म्हणे पूर्वीपासून असंच आहे.

आमच्या गल्लीत एक म्हातारी आहे, ख्रिस्ती नाही, कानबाईची भक्त. तिला मी ही बातमी वाचून दाखवली तर ती म्हणाली, मरेल माणूसले आते कसाले शिक्षा देतस? मला उत्तर देता आलं नाही.

आणि बघा ना, आम्ही त्याच तोंडाने बाहेर काय बोलतो. २०२५ च्या जानेवारीत छत्तीसगडच्या बस्तरमधलं एक प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं. एक ख्रिस्ती पाळक वारले, गावाने त्यांना गावात पुरू दिलं नाही, मुलगा हायकोर्टात गेला, मग सुप्रीम कोर्टात, तोपर्यंत प्रेत जवळपास तीन आठवडे शवागारात पडून. दोन न्यायमूर्तींचं मत जमलं नाही, एक म्हणाल्या स्वतःच्या शेतात पुरू द्या, दुसरे म्हणाले ठरवून दिलेल्या जागेतच, आणि शेवटी वीसेक किलोमीटर लांबच्या ख्रिस्ती दफनभूमीत नेऊन पुरायचा आदेश झाला. तेव्हा आमच्या सगळ्या ग्रुपांवर काय संताप होता! मेल्यावर पण माणसाला जागा नाही का, ही कुठली माणुसकी, प्रार्थना-साखळी, रात्रभर जागरण. मी पण रडले होते, खोटं कशाला सांगू. पण जरा शेजारी शेजारी ठेवून बघा. तिकडे गाव म्हणालं हा आमच्यातला नाही, म्हणून आमच्या जमिनीत नको. इकडे मंडळी म्हणाली हा आमच्यातला राहिला नाही, म्हणून आमच्या जमिनीत नको. तिकडे तो मुलगा निदान शेतात तरी पुरू द्या म्हणून कोर्टाच्या पायऱ्या चढला आणि इकडे आम्ही आमच्याच लेकराला शेतात पुरायला लावलं. सध्या तर ख्रिस्ती माणसाला आपण इथलेच आहोत हे दहा ठिकाणी सिद्ध करावं लागतं, आदिवासी ख्रिस्ती असेल तर दाखल्याची पण भीती घालतात, डीलिस्टिंगचे, म्हणजे धर्म बदललेल्यांना आदिवासींच्या यादीतून काढा म्हणणारे, मोर्चे निघतात. अशा वेळी आम्ही दया, माणुसकी, संविधान हे शब्द वापरतो आणि वापरलेच पाहिजेत. पण ते शब्द चर्चच्या कंपाउंडच्या आत पण लागू आहेत ना?

येशूच्या प्रेताचं काय झालं होतं हे उत्तम शुक्रवारी आम्ही दरवर्षी ऐकतो. गुन्हेगार म्हणून मारलेला माणूस, शिष्य पळालेले, आणि अरिमथाईकर योसेफ नावाचा एक प्रतिष्ठित माणूस रोमी सुभेदार पिलाताकडे जाऊन ते प्रेत मागून आणतो आणि स्वतःसाठी खोदून ठेवलेली कबर देतो. स्वतःची! कमिटीची परवानगी घेत बसला नाही. बरं, येशूला पकडून देण्यासाठी घेतलेले आणि यहूदा इस्कार्योताने परत फेकलेले ते तीस रुपये, त्या पैशाचं मुख्य याजकांनी काय केलं, तर परक्या लोकांना पुरण्यासाठी कुंभाराचं शेत विकत घेतलं. म्हणजे ज्यांना आम्ही प्रवचनात इतकी वर्षं नावं ठेवतो त्यांना सुद्धा परक्या माणसाच्या मातीची काळजी होती.

आणि एलीया. हा माझा आवडता अध्याय आहे, पहिल्या राजांचा एकोणिसावा. एवढा मोठा संदेष्टा, कर्मेल डोंगरावर अग्नी उतरवलेला, दुसऱ्याच दिवशी जीव मुठीत घेऊन पळाला, रानात एका रतामाच्या झुडपाखाली बसला आणि म्हणाला पुरे झालं आता, देवा माझा प्राण घे. देवाने काय केलं? उपदेश केला? विश्वास कमी पडला म्हणाला? देवदूत आला, त्याला हलवून उठवलं आणि म्हणाला खा. निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचं भांडं. तो खाऊन परत झोपला. परत उठवलं, परत म्हणाला खा, तुला लांब जायचंय. मी ट्रेनिंगला असताना आमच्या मेट्रननी शिकवलं होतं की पेशंट घाबरलेला असेल तर आधी पाणी, मग गादी, मग प्रश्न. तोच क्रम आहे तो.

आमच्याकडे क्रम उलटा झालाय. चंगाई सभांमध्ये, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करतो म्हणणाऱ्या सभांमध्ये, तर विचारू नका. डिप्रेशनच्या गोळ्या चालू असलेल्या बाईला स्टेजवरून सांगतात, ताई, गोळी की प्रभू, एक काहीतरी निवड. ती गोळ्या बंद करते, पंधरा दिवस बरी राहते, साक्ष देते, टाळ्या पडतात, आणि महिन्याने परत आमच्या वॉर्डात. बीपीच्या गोळ्या घेणारे पाळक तेच सांगतात याची मला फार गंमत वाटते. प्रार्थना करू नका असं मी म्हणत नाही, मी स्वतः पेशंटच्या उशाशी करायचे. पण प्रार्थना करा आणि गोळी पण द्या, दोन्ही त्याच देवाकडून आलंय.

हे फक्त मेलेल्यांच्या बाबतीत नाही. घटस्फोट झालेली बाई मागच्या बाकावर बसते. ख्रिस्ती बाईला नवऱ्याच्या बरोबरीच्या कारणांवर घटस्फोट मागता यावा हे कायद्यात यायला २००१ साल उजाडलं, त्याआधी १८६९ च्या कायद्याप्रमाणे नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं एकच कारण पुरायचं आणि बायकोला व्यभिचार अधिक छळ असं दुहेरी सिद्ध करावं लागायचं. कायदा बदलला तरी मागचा बाक काही बदलला नाही. जातीबाहेर, धर्माबाहेर लग्न केलेली पोरं नाताळला येतात आणि प्रभुभोजनाच्या वेळी बाहेर जाऊन उभी राहतात. हे सगळे वेगवेगळे विषय आहेत, एका पत्रात मावणार नाहीत.

इथे खान्देशातली एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवायचे. धुळ्याच्या जेलमध्ये १९३२ ला विनोबा गीतेवर बोलायचे ते उतरून घेणारे गुरुजीच. पंढरपूरचं मंदिर दलितांना उघडावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात त्यांनी उपोषण केलं आणि दार उघडलं. त्यांची प्रार्थना मी शाळेत म्हटलीय, माझ्या पोरांनी म्हटलीय. आणि ११ जून १९५० ला त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. तसं व्हायला नको होतं, अजून वीस-पंचवीस वर्षं ते हवे होते, कोणीतरी त्या दिवसांत त्यांच्या शेजारी बसायला हवं होतं असं मला नेहमी वाटतं. पण म्हणून कोणी त्यांचं आयुष्य शेवटच्या दिवसावरून मोजतं का? महाराष्ट्राने नाही मोजलं. मग आमच्या त्या पोराचं, जो दर ईस्टरला पहाटे येऊन मांडव बांधायचा असं त्याच्याच गावचे लोक सांगतात, त्याचं सगळं आयुष्य एका घटकेवर का मोजायचं?

सरकारचं आपण समजू शकतो. शेतकरी आत्महत्येला एक लाखाची मदत आहे, तिला पंचनामा लागतो, सातबारा लागतो, कर्ज कागदावर दिसावं लागतं, मग जिल्हाधिकाऱ्यांच्या कमिटीत ठरतं केस पात्र की अपात्र. ज्याच्या नावावर जमीनच नाही, वनजमीन कसतो, किंवा हातउसने घेतलेत, तो अपात्र. ते पण चुकीचंच आहे, पण तो सरकारी पैसा आहे, तिथे फाईल असणार. मंडळीला कोणी सांगितलं फाईल करायला? आमच्याकडे प्रत्येक दफनाला रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय वाचतात, की मरण असो जीवन असो कशानेही आपण देवाच्या प्रीतीपासून वेगळे होणार नाही. कशानेही म्हटलंय. खाली स्टार मारून अटी लागू असं लिहिलेलं मला तरी दिसलं नाही.

पाळकांवरच सगळं ढकलायचं नाही मला. एका पाळकाकडे चार-पाच गावं, पगार वेळेवर नाही, मोटरसायकलचा हप्ता, कमिटीतले वडील लोक नाराज झाले तर बदली. त्या दिवशी गेले असते तर त्यांच्यावर काय आलं असतं याची मला कल्पना आहे. आणि असे पण पाळक मी बघितलेत, आता रिटायर झालेत, ज्यांनी अशाच केसमध्ये कमिटीला सांगितलं की दफनाची वेळ सकाळी नऊची आहे, ज्यांना यायचं नाही त्यांनी येऊ नये, मी जातोय. पूर्ण विधी केला. त्या मंडळीवर आभाळ काही कोसळलं नाही, उलट पुढच्या रविवारी दोन घरं परत यायला लागली जी अशाच कारणावरून किती वर्षांपासून लांब होती.

बातमीनंतर आम्ही महिला मंडळातल्या काही जणी त्या घरी जाऊन आलो. गाडीत बसून आम्ही चर्चा करत होतो की त्याची बायको स्वर्ग-नरकाचं विचारेल तर काय सांगायचं, कोणतं वचन वाचायचं. तिने त्यातलं काहीही विचारलं नाही. तिने विचारलं वारस नोंद कशी करायची, तलाठी आप्पा भेटत नाहीत. सोसायटीचं कर्ज आता कोणाच्या नावावर जाणार. पीक विम्याचा अर्ज नवऱ्याच्या मोबाईलवरून केला होता, त्याचा पासवर्ड माहीत नाही. लहान पोरीला रात्री झोप येत नाही तर कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं. आमच्या मंडळीत रिटायर तलाठी आहेत, बँकेतले दोघं आहेत, मी सिस्टर आहे, एक वकील पण आहे जो फक्त नाताळला दिसतो. एवढं सगळं मनुष्यबळ दर रविवारी दीड तास एकाच छताखाली बसतं आणि त्या बाईला तलाठी भेटत नाही. आता वारस नोंदीचं काम चालू झालंय, पोरीला पण दाखवलंय, वकील साहेबांना मी घरी जाऊन पकडलं.

शेवटी दोन मागण्या. पहिली मंडळ्यांना, दफनभूमीत कोणाला घ्यायचं याचा जो काय तोंडी नियम चालू आहे तो एकदा कागदावर आणा आणि सर्वसाधारण सभेत सगळ्यांसमोर वाचा. वाचताना ज्याला लाज वाटेल तो आपोआप बदलायला सांगेल. दुसरी तुम्हाला, साहेब. राग मानू नका, पण तुमच्या त्या बातमीत मरण्याची पद्धत मथळ्यातच होती आणि घराचा फोटो पण होता. प्रेस कौन्सिलने २०१९ लाच सांगितलंय की आत्महत्येच्या बातमीत पद्धत, जागा यांचं वर्णन नको आणि ठळक मथळे नको. त्याऐवजी टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६ चौकटीत छापा, फोन फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. माझ्या पत्राखाली पण छापा, जागा कमी पडली तर पत्रातला ऑगस्टीनचा भाग कापला तरी चालेल.

आमच्या मंडळीची वार्षिक सभा पुढच्या महिन्यात आहे. मी विषय लेखी दिलाय, सेक्रेटरी म्हणाले बघू, वेळ उरला तर 'आयत्या वेळचे विषय' यात घेऊ. तुम्ही त्याआधी पत्र छापलंत तर कात्रणाच्या झेरॉक्स काढून बाकाबाकावर ठेवायचा विचार आहे.

आपली,
एक रिटायर सिस्टर, नंदुरबार
(कृपया नाव छापू नये, सेक्रेटरींना तसंही कळेलच)